मातीवर चढवलेले वय

दिवाळीच्या तोंडावर कुंड्या-मडक्यांच्या दुकानांत हल्ली एक माल हमखास मांडलेला असतो. मडके नुकतेच आव्यातून निघालेले, पण अंगावर चुन्याचे ओघळ, काठाला काळपटपणा, खांद्यावर शेवाळाची हिरवट झाक. दुकानदार त्याला ‘अँटिक फिनिश’ म्हणतो आणि साध्या कुंडीपेक्षा त्याचे दाम जास्त सांगतो. या कामाकडे बघणारे दोन प्रकारचे असतात. कुणाला ती फावल्या वेळची हौस वाटते, कुणाला सरळ लबाडी. दोघांकडूनही त्या कामाचा खोलात विचार होत नाही. मातीच्या भांड्याला रंगाने वय चढवणे हे मुळात निरीक्षणाचे काम आहे. ते साधेल की फसेल, हे हाताच्या सफाईवर कमी अवलंबून असते. माती खरोखर कशी म्हातारी होते हे रंगवणाऱ्याला किती ठाऊक आहे, यावर जास्त. माझे सगळे म्हणणे एवढ्याभोवतीच आहे.

एखादी जुनी लाल कुंडी नीट न्याहाळून पाहावी. आव्याच्या आचेत मातीचे कण एकमेकांना घट्ट धरतात, पण वितळून त्यांची काच होत नाही, त्यामुळे भिंत सच्छिद्र राहते. आतले पाणी या छिद्रांतून बाहेर झिरपते आणि उडून जाते. माठ पाणी गार करतो तो याच गुणामुळे. पाण्यात विरघळलेले क्षार मात्र उडत नाहीत. जिथे पाण्याची वाफ होते तिथेच ते साचतात आणि जुन्या भिंतीला लागतो तसा लोणा कुंडीला लागतो. तो कुठेही लागत नाही. आतली माती जिथवर भरलेली असते तिथवर ओल पोचते, म्हणून बाहेरून साधारण त्याच उंचीवर पांढरा पट्टा उमटतो आणि त्याच्या वरचा कोरडा काठ बराच काळ लाल राहतो. दुसरा पट्टा तळाशी, कुंडी ओल्या फरशीला टेकते तिथे. शेवाळ धरते ते भिंतीकडच्या, उन्हापासून लपलेल्या बाजूला, आणि काठाखालच्या खाचेत, जिथे पावसाचे पाणी थोडे रेंगाळते. कुंडी उचलताना हात जिथे पडतो तिथे काठ गुळगुळीत होतो. चुलीवरच्या मडक्याची गोष्ट वेगळी: काजळी बुडाला आणि पोटाला, गळा त्यामानाने स्वच्छ. सारांश, जुन्या भांड्यावरच्या प्रत्येक डागामागे कारण असते आणि त्या कारणाने डागाची जागा ठरवून दिलेली असते. रंगवलेले मडके खोटे वाटते ते बहुतेक वेळा डाग चुकीच्या जागी पडल्यामुळे. चारही बाजूंना सारखाच पसरलेला पांढरेपणा कुठल्याच ओलीने कधी आणलेला नसतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे भेगा. मडक्यावर फेव्हिकॉलचा हात द्यायचा, तो पुरता वाळण्याआधी वरून रंग द्यायचा, की रंग तडकतो आणि खालचा थर डोकावतो. ही युक्ती सोपी आहे, म्हणून फार लोकप्रिय आहे. पण बिनलेपाची भाजलेली माती वयानुसार अशी जाळीदार तडकत नाही. भेगांची जाळी हे काचेरी लेप दिलेल्या भांड्याचे लक्षण. भट्टीतून निघून थंड होताना लेप आतल्या मातीपेक्षा जास्त आकसला की तो ताणला जातो आणि तडकतो. चीनमध्ये सोंग-युआन काळातल्या ‘गे’ भांड्यांत हाच दोष मुद्दाम वाढवला गेला आणि भेगांत रंग मुरवला गेला. त्यातल्या काळ्या आणि सोनेरी-तपकिरी अशा दोन जाळ्यांना तिकडचे रसिक लोखंडी तारा आणि सोन्याचे धागे म्हणत. तिथे भेगा शोभतात, कारण त्या त्या वस्तूच्या घडणीतून आल्या आहेत. लाल माठावर त्याच भेगा आणल्या की दुसऱ्याच जातीच्या भांड्याचे म्हातारपण त्याच्यावर लादले जाते. तांब्याच्या गंजाची निळी-हिरवी झाक मातीवर आणणेही याच वर्गातले. मातीने धातूचे रूप घ्यावे ही कल्पना मात्र फार जुनी आहे. हान राजवटीतल्या चिनी कबरींत हिरव्या शिसेयुक्त लेपाची मातीची भांडी सापडतात. त्यांचा घाट काशाच्या भांड्यांचा आणि अंगावर साच्यातून काढलेल्या कड्यासुद्धा. तिथे घाटानेच धातूचा आभास उभा केला होता, रंगाने तो पुरा केला. कुंभाराच्या गोल पोटाच्या मडक्याला ती भाषा येत नाही.

मग रंग लावायचा कसा? आधी मडके पूर्ण कोरडे हवे, धूळ झटकलेली हवी. पहिला हात एकसंध देऊ नये. गेरू, बर्न्ट अंबर आणि थोडा काळा यांचे खूप पातळ पाणी करून ते मडक्यावरून सोडावे आणि ओल्या फडक्याने लगेच पुसावे. खाचांत उरेल तो खरा डाग. मग चुन्याची पाळी. विरजलेला चुना पातळ करून स्पंजाने टिपावा, वर ठरवलेल्या पट्ट्यांच्या जागी दाट आणि बाकी ठिकाणी विरळ, आणि सुकल्यावर काठ व उठाव खरखरीत कापडाने घासून पुन्हा लाल काढावेत. खडबडीत पोत हवा असेल तर रंगात खाण्याचा सोडा मिसळतात. त्याने रंग दाटतो आणि पृष्ठभाग दाणेदार होतो. हिरवा सर्वांत शेवटी, सर्वांत कमी, एकाच बाजूला. चुना आणि ॲक्रिलिक यांत मी चुन्याच्या बाजूने आहे, आणि हा केवळ आवडीचा प्रश्न नाही. ॲक्रिलिकची साय पाण्याची वाफ सहज बाहेर जाऊ देत नाही. कुंडीत झाड लावले, पाणी घातले, की भिंतीतून आलेली ओल सायीमागे अडते, फुगे येतात आणि पोपडे निघतात. चुना ओल बाहेर सोडतो आणि त्याच्यावर पुढे खरा लोणा लागतो तेव्हा दोन्ही एकमेकांत मिसळून जातात.

हातात कितीही कसब असले तरी ज्ञानात एक फट राहिली की काय होते, याचा पुरावा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या इतिहासात आहे. या संग्रहालयाने १९१५ ते १९२१ या काळात तीन प्रचंड मृण्मूर्ती विकत घेतल्या: एक वृद्ध योद्धा, एक भव्य शिर आणि सुमारे आठ फूट उंचीचा दुसरा योद्धा. त्या रोमपूर्व इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या मानल्या गेल्या, १९३७ मध्ये त्यांच्यावर गिसेला रिश्टर या नामवंत विदुषीचा ग्रंथ निघाला आणि वर्षानुवर्षे प्रेक्षक त्यांच्यापुढे थबकत राहिले. खरे पाहता त्या रिकार्डी कुटुंबातील कारागिरांनी आणि अल्फ्रेडो फिओराव्हांती या शिल्पकाराने घडवल्या होत्या. एवढी मोठी मूर्ती मावेल अशी भट्टी त्यांच्याकडे नव्हती, म्हणून ते मूर्ती घडवून रंगवत, कच्ची असतानाच फोडत आणि तुकडे भाजत. जोडलेल्या तुकड्यांमुळे ती आपोआप प्राचीन वाटे. फुटण्याची नक्कल इथे खऱ्या फुटण्याने केली होती, त्यामुळे डोळ्यांना ती चूक सापडणे अवघड होते. चूक निघाली ती काळ्या रंगात. संग्रहालयातल्या जोसेफ नोबल यांनी प्राचीन ग्रीक काळ्या झिलईचा अभ्यास केला होता. ती झिलई म्हणजे लोहयुक्त बारीक मातीचा लेप. भट्टीत हवा खेळती ठेवून, मग कोंडून आणि पुन्हा सोडून, एकाच आगीत अंग लाल आणि लेप काळा ठेवला जाई. योद्ध्यांवरच्या काळ्यात मँगनीज डायऑक्साइड निघाले, जे त्या काळच्या झिलईत असायला नको होते. जानेवारी १९६१ मध्ये फिओराव्हांतीने रोममध्ये कबुलीजबाब दिला आणि जपून ठेवलेला वृद्ध योद्ध्याचा अंगठा पुराव्यादाखल काढून दाखवला. तो मूर्तीच्या हाताला बरोबर बसला. या लोकांना घाट समजला होता, फुटणे समजले होते, माती समजली होती. आगीत काळेपणा कसा जन्मतो, हे मात्र त्यांनी बाजारातल्या भुकटीवर सोपवले.

याच कथेवरून आक्षेप घेतला जातो की जुनेपणाचा रंग म्हणजे बनावटीची पहिली पायरी. हा आक्षेप हलका नाही. १९७१ मध्ये तुर्कस्तानातल्या हाजिलार शैलीची म्हणून जगभर विकली गेलेली भांडी ऑक्सफर्डमध्ये, भाजल्याला किती काळ लोटला हे सांगणाऱ्या उष्मादीप्ती पद्धतीने तपासली गेली, तेव्हा ६६ पैकी ४८ अलीकडची ठरली. तरी याच रंगाचा दुसरा, तितकाच पक्का इतिहास आहे. अठराव्या शतकात चीनमधल्या जिंगदेझेनच्या राजभट्ट्यांत, विशेषतः योंगझेंग सम्राटाच्या काळात, सोंग काळातल्या लेपांच्या अप्रतिम नकला होत. त्यांवर अनेकदा तळाशी योंगझेंगचीच मुद्रा असे. तिथल्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या तांग यिंगने १७३५ मध्ये नोंदवलेल्या प्रकारांच्या यादीत अशा अनुकरणांना राजरोस जागा आहे. आजचे संग्रहालयातले संवर्धकही फुटक्या भांड्याची पोकळी प्लास्टरने भरून तिला जुन्या मातीचा रंग देतात. त्यांच्यात रूढ असलेला दंडक असा की भरलेला भाग सहा फुटांवरून खटकू नये आणि सहा इंचांवरून ओळखू यावा. शिवाय रंग पुढे काढून टाकता आला पाहिजे. म्हणजे तीच कुंचली, तेच रंग, तेच निरीक्षण. फरक आहे तो वस्तूबद्दल काय सांगितले जाते यात. फसवणुकीचा विचार रंगापाशी न करता पावतीपाशी करावा.

दुसरा आक्षेप सबुरीचा: खऱ्या लोण्याला वेळ द्या, कुंडीला ताक फासून सावलीत ठेवा, शेवाळ आपणहून येईल. ज्याच्याकडे अंगण आणि वेळ आहे त्याने जरूर तसे करावे. कारणांनीच डाग पाडले तर त्याहून चांगले काय? पण घरात ठेवायच्या, पाणी न पाहणाऱ्या भांड्याला ती वाट मोकळी नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. रंगाखाली कुंभाराची माती लपते, आणि चाकावर बसणाऱ्याच्या हाती जे पडते त्यापेक्षा नुसती कुंचली फिरवणाऱ्याला जास्त मिळते. याला उत्तर एकच, की रंग मातीला झाकणारा नसावा, तिला दाखवणारा असावा, आणि पिण्याच्या माठाला तर तो मुळीच लावू नये. त्याने माठाची छिद्रे बुजतात, पाणी गार होत नाही आणि रंगातले घटक पाण्यात उतरण्याची भीती वेगळी.

आपल्याकडचा जोर्वे मृद्‌भांड्यांचा दाखला इथे उपयोगी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जोर्वे गावावरून नाव मिळालेली आणि घोडनदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात विपुल सापडलेली ही तीन हजार वर्षांपूर्वीची भांडी: लाल अंग, त्यावर काळ्या भूमितीय रेषा, कंगोरा असलेल्या वाट्या, तोटीची भांडी, वाजवली तर धातूसारखी खणखणणारी भाजणी. त्या रेषा भाजण्याआधी काढलेल्या आहेत, म्हणून त्या मातीबरोबर झिजतात, पोपडे धरून सुटत नाहीत. जोर्वे घाटाची नवी भांडी करणाऱ्याने रेषा कुंभाराकडून भाजण्याआधीच काढून घ्याव्यात आणि नंतरच्या रंगाने फक्त माती, चुना आणि झीज तेवढी दाखवावी. भाजलेल्या मडक्यावर ॲक्रिलिकची काळी रेघ ओढून ती खरवडली तर जे दिसते ते भिंतीवरच्या जुन्या पोस्टरचे म्हातारपण असते. आणि कुठल्याही घाटाचे भांडे असो, तळ रंगवू नये. तळाशी ओल बाहेर पडायला वाट राहते, चाकावरून दोऱ्याने कापल्याची वळणदार खूण शाबूत राहते, आणि तिथे शिशपेन्सिलीने कुंभाराचे नाव आणि वर्ष लिहायला जागा मिळते.