बाल्कनीतला घोडा

अंधेरी-बोरिवलीच्या इमारतीत घोडा वर येत नाही. येतं ते जीन. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 1942 पासून अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. तिथे किंवा शहराबाहेरच्या एखाद्या तबेल्यात घोडेस्वारी शिकणारे हौशी लोक उपनगरांतही राहतात. घोडा क्लबचा असतो, पण सवय जडली की जीन स्वतःचं हवंसं वाटतं. ते बहुधा कानपूरचं असतं. तिथल्या खोगीरकामाला भौगोलिक मानांकन आहे. घरी आल्यावर प्रश्न पडतो, ठेवायचं कुठे? मग सोफ्याच्या हातावर, नाहीतर कपाटावर आडवं. दोन्ही जागा जिनाच्या मुळावर येणाऱ्या.

सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेचा हिशेब आहे : पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, एक पखालची, एक नालबंद. म्हणजे पाणी वाहणारा वेगळा, नाल ठोकणारा वेगळा. मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावर ही सगळी खाती एकाच माणसाकडे येतात. वरून मदत मागायला शेजारी कोणी घोडेवालाही उरलेला नाही. दक्षिण मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने 2015 मध्ये दिला, तेव्हा शहरातून घोड्याच्या सामानाची रोजची जाणही बरीचशी गेली.

जिनाच्या पोटात लाकडाचा सांगाडा असतो. जुन्या पद्धतीत तो बीचच्या लाकडाचा. त्याखाली लोकर भरलेल्या दोन गाद्या आणि मधोमध मोकळा पाट, घोड्याच्या कण्याला भार लागू नये म्हणून. जीन बारीक दांड्यावर टांगलं, तर सगळं वजन नेमकं त्या पाटावर येतं आणि गाद्या बाहेर फाकतात. जमिनीवर ठेवलं, तर बाजूच्या झडपा दुमडतात. म्हणून ठेवण्याच्या घोडीला घोड्याच्या पाठीचा आकार द्यावा लागतो : दोन उतरत्या फळ्या, माथ्याशी दोन-तीन इंचांची फट, लांबी सुमारे वीस इंच. साध्या इंग्रजी पद्धतीच्या जिनाची बैठक 16 ते 18 इंचांची असते, त्याला एवढं पुरतं.

इथवरचं काम जगात कुठेही सारखंच. मुंबईत मात्र पावसाळा मध्ये येतो. जुलैमध्ये हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर राहते आणि अशा हवेत चामड्यावर बुरशी चढायला चार-सहा दिवस पुरे होतात. ती आधी धरते ती खालच्या बाजूला, जिथे घामाने ओली झालेली गादी फळीला चिकटून बसते आणि वारा लागत नाही. घोडी भरीव केली की बुरशीची सोय आपणच केली म्हणायची.

नक्षीकामाचं खरं कारण इथे सापडतं. जिनाच्या घोडीवर नक्षी म्हणजे हौस, असं मानणाऱ्यांशी माझं भांडण आहे. उतरत्या फळ्यांत आरपार जाळी कोरली की हवा खालून वर खेळते. फक्त भोकांच्या कडा गोल घासून घ्याव्यात, नाहीतर गादीवर त्यांचे वळ उठतात. उठावाची नक्षी हवीच असेल तर ती दोन टोकांच्या पाट्यांवर आणि पायांवर करावी. जीन टेकतं तिथे एकही पाकळी वर आलेली चालणार नाही.

मुंबईला जाळीकाम नवं नाही. एकोणिसाव्या शतकात इथल्या शिसवी फर्निचरची मोठी ख्याती होती. खुर्चीच्या पाठीपासून टेबलाच्या पायापर्यंत एक इंच कोरा सोडायचा नाही, असा तो खाक्या. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात ते जुनं मुंबईपण नीट पाहता येतं. मला त्या खुर्च्या थक्क करतात, पण त्यांत बसावंसं वाटत नाही. घोडीसाठी मला विश्रामबागवाडा जवळचा वाटतो. दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात 1807 मध्ये पुरा केलेल्या या वाड्याचे सुरूच्या घाटाचे खांब आणि केळफुलं संयमी आहेत. पायाच्या शेवटाला एक केळफूल पुरे.

लाकूड कोणतं? शिसवाच्या नादी लागू नये. ही जात 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांखाली आहे, आणि दरही परवडणारा नाही. सागवान टिकाऊ, पण त्यात सिलिका असते, त्यामुळे पटाशीची धार लवकर जाते. जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात जुन्या घरांतून निघालेलं मुरलेलं सागवान मिळतं. त्यातले खिळे आधी शोधले नाहीत तर एका ठोक्यात पटाशीचा दात उडतो. माझी पसंती शिवणीला. दुकानांतले पुष्कळसे देव्हारे याच ‘सेवण’ लाकडाचे असतात. ती हलकी, फारशी न वाकणारी, आणि धारेपुढे शहाण्यासारखी वागणारी. गोल धारेची पटाशी रेषेच्या दिशेने, मोगरीचे हलके ठोके देत सरकवली की पिवळसर छिलका वळी करत वर येतो. रेषेविरुद्ध गेलात की तोच छिलका फाटून पाकळीचं टोक घेऊन जातो.

हाताने कोरण्याला दुसरंही कारण आहे : शेजारी. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे. गोल पात्याची विजेची करवत ती सुरू होताक्षणी ओलांडते. शिवाय सोसायटीचं दुपारी दोन ते चारचं फर्मान वेगळंच. मोठे कापे वखारीतच घालून आणावेत आणि घरी फक्त कोरीवकाम करावं. खाली जुनी सतरंजी दुमडून ठेवली की मोगरीचा आवाज खालच्या मजल्यावर उतरत नाही.

जोडकामात दोन पथ्यं. पहिलं, लोखंडी खिळा नको. चामडं कमावताना वापरलेलं टॅनिन आणि ओलं लोखंड एकत्र आलं की काळा डाग पडतो, आणि तो सहजी निघत नाही. स्क्रू पितळी घ्यावेत. दुसरं, जाळीची फळी चौकटीत चिकटवू नये, सैल बसवावी. पावसात ती फुगते, दिवाळीनंतर आक्रसते, जखडलेली असली तर तडकते. फेविकॉल फक्त चौकटीच्या खाच-कुसूला. 1959 मध्ये तो आला तोवर सुतार जनावरांच्या हाडा-कातड्यांचा सरस चुलीवर वितळवून वापरत, आणि तो ओलाव्याने सुटे. वरून जवसाच्या तेलाचा हात द्यायचा असेल तर तो पुरता वाळू द्यावा, कारण ओलं तेल चामडं पितं. नमदा पसरण्याचा मोह टाळावा. तो घाम धरून ठेवतो.

पाय कायमचे जोडू नयेत. पाचर ठोकून बसवले, तर पाहुणे आल्यावर घोडी सुटी करून पलंगाखाली जाते, आणि बिऱ्हाड बदलताना लिफ्टमध्येही मावते. तेवढ्यापुरतं जीन सोफ्याच्या हातावर राहिलं, तर चालतं.