कोडचं बिऱ्हाड आणि गुरुजींचे शब्द

निपाणीहून पुण्याला बिऱ्हाड हलवलं तेव्हा टेम्पोत सामान चढवायला दोन तास लागले. स्कूटरचे कागद हलवायला मात्र बराच काळ गेला. सीमाभागातल्या मंडळींना हे नवीन नाही. कोगनोळी नाका ओलांडायला दोन मिनिटं पुरतात, पण केए-23 चं एमएच-12 करायचं म्हणजे ना हरकत दाखला, नवी नोंदणी, पुन्हा रोड टॅक्स. वस्तू पटकन हलते, तिची कागदपत्रं मागे रेंगाळतात.

हाच धडा मी पुढे माझ्या कामातही शिकलो, आणि तो जरा महागात पडला. त्याचीच ही गोष्ट.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. नोकरीबाहेर हौस म्हणून मी एक छोटा मुक्त स्रोत प्रकल्प चालवतो. मुक्त स्रोत म्हणजे ज्याचा कोड कुणीही पाहावा, वापरावा, सुधारावा असा. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स यांसारख्या प्रोग्राममध्ये शुद्धलेखन तपासायला हनस्पेल नावाचं साधन वापरतात. त्याला शब्दांची यादी द्यावी लागते. आपल्याकडचे कुंदा, मांडे, जरदा असे शब्द लिहिले की खाली लाल रेघ यायची. मला ते खटकायचं. म्हणून मी सीमाभागातल्या शब्दांची यादी करायला घेतली.

शब्द पुरवणारे मुख्य गृहस्थ म्हणजे निपाणीचे आमचे गुरुजी. निवृत्त शिक्षक. मुलाच्या दुकानातल्या संगणकावर बसून ते एकेक शब्द पाठवायचे. अशा प्रकल्पाच्या जागेवर 'इश्यू' नावाची सोय असते. तिथं कुणीही तक्रार किंवा सूचना लिहितो, आणि तिच्याखाली चर्चा होते. गुरुजींनी प्रत्येक शब्दाला एक इश्यू उघडला. 'वखार' या शब्दाखाली त्यांनी लिहिलं होतं की पुण्यात वखार म्हटली की लाकडाची, पण निपाणीत नुसतं वखार म्हटलं तर तंबाखूचीच, लाकडाची असेल तर तसं सांगावं लागतं. मग कोणता शब्द कुठल्या गावात, कोण वापरतं, कानडीतून आला का, अशी चर्चा चालायची. तीनशेच्या वर शब्द झाले. माझ्या यादीत जायचा तो फक्त शब्द. अर्थ आणि गावं राहायची ती इश्यूमध्ये.

आता 'गिट'बद्दल थोडं. बेळगावात हे नाव काढलं की लोकांना उद्यमबागेतलं गोगटे कॉलेज आठवतं. इंग्रजीत अक्षरं तीच, म्हणून आमच्या वर्गात यावर बरेच विनोद झाले. हे गिट वेगळं. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ते 2005 साली लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. त्याची खुबी अशी की प्रकल्पाची प्रत ज्याच्याकडे असते, त्याच्याकडे सगळा इतिहासही असतो. प्रत्येक बदलाला जो ओळख क्रमांक मिळतो, तो त्या बदलाच्या मजकुरावरून आणि आधीच्या इतिहासावरून निघतो. कोड कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, पिन कोड मात्र 590001 तोच राहिला. तसंच हे.

त्यामुळे मी निर्धास्त होतो. काही वर्षांपूर्वी, ज्या सेवेवर माझा प्रकल्प होता तिनं बंद होणार असल्याची सूचना पाठवली. मी ती उशिरा वाचली. एका रात्री दोन आज्ञा दिल्या, कोड आणि इतिहास नव्या जागी नेला, आणि झोपलो. जुनी जागा ठरल्या तारखेला बंद झाली.

पंधरा दिवसांनी गुरुजींचा फोन आला. "अरे बाळ, नवीन जागा दिसली. शब्द सगळे हायेत. पण आमचं लिहिलेलं कुठं गेलं?"

माझ्या पोटात गोळा आला. इश्यू गिटमध्ये नसतात. ते त्या सेवेच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतात. मी टेम्पोत कपाट चढवलं होतं आणि त्यातली कागदपत्रं जुन्या घरातच सोडली होती.

ही चूक फक्त नवख्यांची नाही. मोठ्या प्रकल्पांनाही हा भाग अवघड जातो. पायथन या भाषेचा कोड 2017 च्या फेब्रुवारीत गिटहबवर गेला, पण इश्यू जुन्याच जागी ठेवले गेले. ते गिटहबवर आले 2022 मध्ये, पाच वर्षांनी. जुन्या जागाही कायमच्या नसतात. गुगल कोड 2006 मध्ये सुरू झालं आणि 2016 मध्ये बंद झालं. मायक्रोसॉफ्टचं कोडप्लेक्स 2017 मध्ये बंद झालं. 2018 च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टनं साडेसात अब्ज डॉलरला गिटहब घेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा अनेकांनी आपले प्रकल्प गिटलॅबवर हलवले. हनस्पेलसुद्धा आधी सोर्सफोर्जवर होतं, आता गिटहबवर आहे.

आपल्या लिपीशी जोडलेलं उदाहरण म्हणजे लोहित. रेड हॅट कंपनीनं मुक्त केलेल्या या फॉन्टमालेत देवनागरीसकट अनेक भारतीय लिप्या आहेत, आणि लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या अनेकांनी ती अक्षरं पाहिली आहेत. लोहितचं घर होतं फेडोरा होस्टेड. 2017 च्या सुरुवातीला ते बंद झालं आणि लोहित पॅग्युरवर गेलं. पॅग्युर हा फ्रेंच शब्द. शंखात राहणाऱ्या आणि शंख बदलणाऱ्या खेकड्याला तसं म्हणतात. नाव शोभेसं आहे, कारण पॅग्युरमध्ये इश्यूसुद्धा गिटमध्येच साठवले जातात. कोडसारखीच त्यांचीही प्रत घरी आणता येते. आता खुद्द फेडोरानं पॅग्युर सोडून फोर्जेओकडे जायचं ठरवलं आहे.

माझ्याकडे पॅग्युर नव्हतं. प्रत्येक नोंदीची प्रत ती सेवा मेलनं पाठवायची, पण मी ते मेल कटकट नको म्हणून कधीच बंद केले होते. शेवटी एका शनिवारी निपाणीला गेलो. गुरुजींच्या दुकानात बसून त्यांचा मेल उघडला. पाच वर्षांत त्यांनी एकही मेल पुसला नव्हता.

"पुसायचं कशाला? जागा लागती व्हय त्याला?" ते म्हणाले.

सगळ्या नोंदी तिथं होत्या, त्यांच्याही आणि माझ्याही. मी छोटा प्रोग्राम लिहून त्या तारखेनुसार लावल्या. दोन दिवसांत नव्या जागी इश्यू पुन्हा उभे राहिले, जुन्या क्रमांकांसकट. फोटो मात्र परत आले नाहीत, कारण मेलमध्ये त्यांचा फक्त दुवा होता. गुरुजींनी तंबाखूच्या वखारीतल्या जुन्या पावत्यांचे फोटो काढून चढवले होते. पावत्या ज्यांच्या त्यांना परत गेल्या होत्या. ते फोटो गेलेच.

तेव्हापासून मी असं करतो. बिऱ्हाड हलवण्याआधी यादी करतो: कोड, सगळ्या शाखा आणि आवृत्त्यांच्या खुणा, इश्यू, चर्चा, फोटो, उतरवून घ्यायच्या फाइली, विकी. गिटलॅब, कोडबर्ग यांसारख्या ठिकाणी इश्यूसकट आयात करायची सोय असते, ती आधी एखाद्या रिकाम्या प्रकल्पावर वापरून बघतो. आपोआप चालणाऱ्या चाचण्या नव्या जागी पुन्हा लिहाव्या लागतात, गुप्त किल्ल्या पुन्हा भराव्या लागतात. जुनी जागा चालू असेल तर ती पुसत नाही. फक्त वाचण्यापुरती ठेवतो आणि दारावर नवा पत्ता लिहितो. सगळ्यात आधी मात्र ज्यांनी तिथं लिहिलंय त्यांना फोन करतो.

आणि शब्दाचा अर्थ आता मी इश्यूमध्ये ठेवत नाही. गुरुजींनी सांगितलेला अर्थ, गाव, तारीख एका साध्या फाइलीत शब्दाशेजारीच लिहितो. ती फाइल गिटमध्ये आहे, म्हणजे जो कोणी प्रत घेईल त्याच्या घरी ती जाते.

मागच्या महिन्यात गुरुजींनी विचारलं, "ही जागा तरी कायमची काय रे?"

"नाही गुरुजी. कधीतरी हीपण सोडावी लागेल."

"मग माझ्याकडं एक प्रत ठेव. आम्ही काय इथनं हलत नाही."

त्यांच्या मुलाच्या दुकानातल्या संगणकावर आता प्रकल्पाची पूर्ण प्रत आहे. दर रविवारी ती आपोआप ताजी होते.