कपाटामागची भिंत

जुलैमध्ये एका सकाळी लेकीचं धुतलेलं झबलं नाकाशी नेलं, तर कुबट वास. कपाट ओढून पाहिलं. मागच्या पश्चिमेच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत काळे-राखाडी ठिपके, मध्येच हिरवट वर्तुळं, रंगाचे पोपडे. सासूबाई म्हणाल्या, "धुरी दे, वास जाईल." शेजारच्या काकांचं म्हणणं, "संडासचं अ‍ॅसिड मारा, एका दिवसात साफ." दोन्ही सल्ले मायेचे, पण तान्हं मूल असलेल्या घरात दोन्ही नकोत.

आधी भीतीचं बघू. २०२१मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' हा शब्द घरोघरी पोचला. तो म्युकरमायकोसिस, प्रामुख्यानं मधुमेह आटोक्याबाहेर गेलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना झाला. भिंतीवरचे ठिपके दिसले म्हणजे तो आजार घरात आला, असं नाही. बुरशीच्या रंगावरून ती किती घातक हेही कळत नाही. मात्र तिचे बीजाणू हवेत उडतात, आणि लहान मुलं मोठ्यांपेक्षा भराभर श्वास घेतात. सर्दी हटत नाही, रात्री खोकला उसळतो, छातीत घरघर होते. दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल तर जास्तच. असं दिसलं तर मुलाला डॉक्टरांकडे न्यायचं आणि घरात ओल आहे हे आवर्जून सांगायचं.

धुरीनं वास झाकला जातो, बुरशी जागची हलत नाही, आणि वर बाळाच्या फुप्फुसात धूर जातो. अ‍ॅसिडचा धोका वेगळा. ते आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणजे रांगणाऱ्या मुलाच्या उंचीवरच साचणार.

साधारण तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतचा डाग घरच्या घरी काढता येतो. मुलांना दुसऱ्या खोलीत नव्हे, शेजारी किंवा आजीकडे पाठवायचं. खिडकी उघडी, तोंडावर एन-९५ मास्क, हातात रबरी मोजे. भिंत कोरडी घासायची नाही, बीजाणू उधळतात. आधी साबणाच्या पाण्यानं ओली करायची, मग ब्रश. पुसून पंख्याखाली खडखडीत वाळवायची. कापडी खेळणी गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावीत. आतपर्यंत बुरशी धरलेली गादी मात्र टाकून द्यायची. इथे काटकसर कामाची नाही. डाग मोठा असेल, तर माणूस बोलवा.

वरून रंग फासणं हा आपल्याकडचा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात फुकट खर्च. बुरशी पाण्यावर जगते. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही, की तिच्यावर बुरशी धरते. पाणी कुठून येतं ते शोधल्याशिवाय सुटका नाही: बाहेरची भेग, वरच्या मजल्याचं न्हाणीघर, गच्ची. कधी आपणच. पावसाळ्यात बंद खोलीत दोरीवर टाकलेल्या दुपट्यांतलं पाणी हवेतच तर जातं. पूर्वी शेगडीवर टोपली पालथी घालून दुपटी वाळवत. आता पंखा लावावा, खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे सरकवावं.

आमच्याकडे पाण्याच्या पाइपालगतची भेग निघाली. भर पावसात ती बुजवणार कोण? भिंतीला रंग दिवाळीनंतरच लागला. तोवर कपाट खोलीच्या मधोमध, आणि लेकीची तीनचाकी त्याच्याभोवती.