रहस्यकथेतील उत्कंठा

रहस्यकथा वाचीत असताना ‘हे कसे घडले?’ आणि ‘पुढे काय होणार?’ अशा दुहेरी प्रश्नांनी वाचकाच्या मनात उत्पन्न होणारी अस्वस्थ जिज्ञासा. गुन्हा आधीच घडून गेलेला असतो व कथा त्याच्याकडे उलट्या पावलांनी परतते, ही अभिजात रहस्यकथेची मूळ रचना होय. एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाने ‘द मर्डर्स इन द र्‍यू मॉर्ग’ (१८४१) या कथेत ती सिद्ध केली. बंद खोलीतील खुनाचा पेच, पोलिसांची असमर्थता, तर्कनिष्ठ द्यूपँ आणि त्याच्या बुद्धीने चकित होणारा मित्र-निवेदक हे घटक तीत आढळतात.

यांपैकी निवेदक सर्वांत महत्त्वाचा. आर्थर कॉनन डॉइलच्या कथांतील डॉ. वॉटसन जे पाहतो, तेच वाचकास दिसते; परंतु त्यावरून होम्सने काढलेले निष्कर्ष अखेरपर्यंत दोघांनाही कळत नाहीत. त्यामुळे माहिती न दडविताही रहस्य टिकविता येते. ‘सिल्व्हर ब्लेझ’ (१८९२) या कथेत रात्री तबेल्यातून घोडा नाहीसा होतो. राखणीचा कुत्रा मात्र भुंकत नाही. येथे न घडलेली गोष्ट हाच पुरावा ठरतो : घोडा नेणारा माणूस कुत्र्याच्या ओळखीचा होता.

लेखकाने वाचकाशी कितपत सचोटीने वागावे, हा या प्रकारातील खरा वाद आहे. ॲगाथा ख्रिस्तीच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ (१९२६) या कादंबरीत निवेदकच खुनी निघतो. तो खोटे बोलत नाही. मोक्याच्या क्षणी काही सांगावयाचे टाळतो, एवढेच. ही वाचकाची फसवणूक आहे, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. ज्याच्या मनातील विचार वाचकास कळतात असे पात्र गुन्हेगार असू नये, सापडलेला प्रत्येक धागा गुप्तहेराने वाचकापुढे मांडावा, अशा स्वरूपाचे दहा नियम रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये मांडले. त्यांत न बसणारी असूनही ही कादंबरी टिकून राहिली. कारण दुसऱ्या वाचनात तिच्यातील मोघम वाक्यांचाही नेमका अर्थ लागतो.

मराठीत हा प्रकार घरोघरी नेला तो बाबूराव अर्नाळकर (१९०६–९६) यांनी. त्यांच्या पुस्तकांची संख्या हजाराहून अधिक आहे. त्यांची धनंजय-छोटू ही जोडी होम्स-वॉटसन यांच्या वळणाची. झुंजार आणि काळापहाड हे नायक मात्र वेगळ्या जातीचे. तेथे भर शोधापेक्षा पाठलाग, वेषांतर आणि सुटका यांवर दिसतो. ‘कोणी केले?’ याऐवजी ‘आता हा सुटणार कसा?’ ही वाचकाची चिंता होते. समीक्षकांनी या लेखनाची फारशी दखल घेतली नाही. वस्तुतः एका बैठकीत संपणाऱ्या लहानशा पुस्तकात पुराव्यांची सावकाश पेरणी करण्यास वावच कमी. अशा पुस्तकाला ख्रिस्तीची मोजपट्टी लावणे रास्त नव्हे. तर्कप्रधान रहस्यकथेचा परिचय मराठी वाचकास बव्हंशी अनुवादांतून झाला. भालबा केळकर यांनी होम्सच्या कथा मराठीत आणल्या.