शोकाचे गाणे आणि बास गिटार

नातू खोलीत बास गिटार वाजवू लागला की भिंती घुमतात आणि आपण म्हणतो, "अरे, हळू!" पण गाणे शोकाचे असेल तर थोडे थांबून ऐकावे. आपल्या प्रकृतीला त्याचा उपयोग आहे.

अवीव गेफेन यांचे 'लिवकोत लेखा', म्हणजे 'तुझ्यासाठी रडणे', हे गाणे इस्राएलमध्ये बहुतेकांनी ऐकले आहे. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी तेल अवीवच्या शांतता सभेत त्यांनी ते गायले. त्याच रात्री पंतप्रधान यित्झाक राबीन यांची हत्या झाली. एका मित्राच्या वियोगाचे गाणे साऱ्या देशाच्या शोकाचे झाले.

त्याचा अर्थ पाहा. गाणारा गेलेल्या मित्राशी थेट बोलतो. आपण रडतो हे तो लपवत नाही आणि विसरून जाईन असेही म्हणत नाही. हे काही नवे नाही. दावीदाने योनाथानासाठी असाच विलाप केला आणि तो लोकांना शिकवायला सांगितला. आपल्या पिढीला मात्र "रडू नको, मन घट्ट कर" हेच शिकवले गेले.

आता बासविषयी. त्याला बहुधा चार जाड तारा असतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. वयाबरोबर आपले कान आधी उंच, बारीक आवाज गमावतात. खालचे, जाड सूर जास्त काळ ऐकू येतात. शिवाय बासचा कंप खुर्चीतून, छातीतूनही जाणवतो. म्हणून शब्द निसटले तरी बासचा ठेका सापडतो. शब्दांचा अर्थ नातवाला विचारावा.

शोक शरीरालाही होतो. झोप उडते, भूक मंदावते, रक्तदाब वाढू शकतो. जवळचे माणूस गेल्यावर पहिल्या काही दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो. त्या दिवसांत रोजची औषधे चुकवू नयेत. छातीत दुखले किंवा दम लागला तर १०१ वर फोन करावा. सहा महिने उलटूनही जेवण, झोप, घराबाहेर पडणे सुधारत नसेल, तर कुपात होलीममधील आपल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. त्यावर उपचार आहेत.

शिवाच्या सात दिवसांत आणि शोकाच्या ठरलेल्या काळात संगीत टाळण्याची आपली रीत आहे, ती पाळावी. तो काळ संपल्यावर एखाद्या संध्याकाळी नातवाला वाजवायला सांगा. गाणे संपले की गेलेल्या माणसाचे नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा. डोळे भरून आले तर येऊ द्या. नातवालाही कळेल की आजी-आजोबा रडू शकतात, आणि पुढे त्याच्यावर दुःखाची वेळ आली की तो ते मनात कोंडून ठेवणार नाही.