नावाचे पैसे

उसाच्या बिलाचा पहिला हप्ता सोसायटीची वसुली वजा होऊन खात्यावर जमा झाला, की कऱ्हाड, विटा, पलूस यांसारख्या बाजारगावांत दोन प्रकारच्या दुकानांत वर्दळ वाढते. एक मोटारपंप व शेतीच्या यंत्रांचे, दुसरे मोबाइलचे. पहिल्यात बाप शिरतो, दुसऱ्यात मुलगा. दुसऱ्या दुकानातून मुलगा जे घेऊन बाहेर पडतो, त्यावर घरात पुढे चार दिवस बोलणे होते. सप्टेंबर २०२४ मध्ये बाजारात आलेल्या आयफोन १६ ची आपल्याकडील आरंभीची किंमत ७९,९०० रुपये होती. २०२४-२५ च्या गळीत हंगामासाठी केंद्र सरकारने उसाला ठरवून दिलेला मूळ दर क्विंटलमागे ३४० रुपये होता. हिशेब सोपा आहे : एका फोनला साडेतेवीस टन ऊस, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा व्हायची ती निराळीच. दहा-पंधरा हजारांच्या फोनवर बोलता येत नाही काय, हा बापाचा प्रश्न या हिशेबातून जन्मलेला असतो.

या प्रश्नाला वृत्तपत्रांच्या पानांवर सहसा एकच उत्तर दिले जाते. तरुण पिढी दिखाऊपणाच्या मागे लागली आहे, आणि कंपन्या तिला लुबाडीत आहेत. हे उत्तर सोयीचे आहे. पण ते देण्यापूर्वी त्याच बापाच्या विहिरीवर एक फेरी मारून यावे. तिथे जी मोटार बसविलेली असते ती बहुधा बाजारातील सर्वांत स्वस्त मोटार नसते. राजकोटची इंजिने, कोइमतूरचे पंप, शिवाय नावात एखादेच अक्षर बदलून विकल्या जाणाऱ्या मोटारी, हे सारे त्याच दुकानात कमी पैशांत मिळत असताना या गृहस्थाने जादा पैसे मोजून 'किर्लोस्कर' हे नाव विकत घेतलेले असते. त्याला कोणी दिखाऊ म्हणत नाही. विहिरीतली मोटार पाहायला कोण येणार?

नावासाठी जादा पैसे मोजण्याची ही रीत कृष्णाकाठाला नवी नाही. किंबहुना या देशातील यांत्रिक मालाच्या नावलौकिकाचा एक आरंभीचा अध्याय इथेच लिहिला गेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला तेव्हा तो घ्यायला कोणी पुढे येईना. लोखंडाच्या फाळाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने व्यापलेला माळ आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. १९१० साली त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. त्या काळी दोन्ही एकाच संस्थानातील गावे होती. ज्याच्या नावाला पुढे लोकांनी जास्त पैसे मोजले, त्याच्या मालाला प्रथम कोणी हात लावीत नव्हते, हे इथे विसरता कामा नये.

मधल्या काळात घडले ते काय? एका शिवारात एक नांगर चालला, शेजाऱ्याने बांधावरून पाहिले, वर्षाने जमीन विषारी झाली नाही हेही पाहिले. मोडलेला भाग मिळू लागला. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवावी हा त्याचा मूळ हेतू. हीच 'खबर' पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाली, तिच्यामागून १९३० साली 'स्त्री' निघाले, आणि दोन पिढ्यांचे मराठी वाचन या जाहिरातीच्या पोटातून घडले. आजच्या जाहिरातदारांना शेकडो कोटी खर्चून जे साधते की नाही याची शंका वाटते, ते त्या माळावरच्या छापखान्याने साधले होते. नांगराचे नाव आणि सुधारकी विचारांचे नाव घराघरांत एक होऊन बसले. हेही नावाच्या किमतीत धरायला हवे. केवळ लोखंडाने ती किंमत चढलेली नाही.

त्यांना स्पर्धा नव्हती असेही नाही. सातारारोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना होता, तिथेही नांगर होत, आणि १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिनही तिथे तयार झाले. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्यमंत्री होते. एकाच रेल्वेमार्गावरची ही दोन नावे शेतकऱ्यापुढे असत. पर्याय असताना मिळवलेल्या नावाची गोष्ट वेगळी असते, ती का, हे पुढे स्कूटरच्या प्रकरणात दिसेल.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर जादा किमतीचा अर्थ लागतो. चैत्रात उभ्या उसाला पाण्याची पाळी आली असताना, त्यातून वीज रात्रीची असताना, मोटार जळाली तर नुकसान मोटारीच्या किमतीचे होत नाही. एकरभर पिकाचे होते. मोटार घेताना तिच्या आतली तांब्याची तार कशी आहे, बेअरिंग कोणत्या प्रतीचे आहे, हे शेतकऱ्याला दिसत नाही. विकणाऱ्याला ते ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारगाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन याच अडचणीवर एक निबंध लिहिला, आणि २००१ साली त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. गिऱ्हाइकाला मालाची पारख करता येत नसेल तर बाजारात रद्दी माल चांगल्या मालाला हुसकून लावतो. नाव, हमी, लौकिक या गोष्टी त्यावर बसवलेला बांध होत, असा त्याचा आशय. आमच्याकडील शेतकरी तो निबंध न वाचता हेच करीत आला. जादा पैसे म्हणजे त्याने उतरवलेला विमा होता.

त्या विम्याचे हप्ते मात्र एकट्या कंपनीने फेडले नाहीत, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. जे यंत्र पुष्कळ खपते ते उघडायला पुष्कळ जण शिकतात. गावोगावचा वाइंडिंगवाला, पेठेतला सुट्या भागांचा दुकानदार, फूटव्हॉल्व्ह आणि इंपेलर बदलून देणारा सायकलवरून येणारा मिस्त्री या सर्वांचे हात त्या एका नावावर बसलेले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा काठावरच्या शेकडो मोटारी बुडाल्या. पूर ओसरल्यावर त्या वर काढून, धुऊन, वाळवून, तार नव्याने गुंडाळून पुन्हा पाण्यावर बसविल्या गेल्या. कंपनीच्या नावाची किंमत अशी गावाच्या कारागिरीनेही वाढवली होती.

आता स्कूटर. साताऱ्याच्या लोकांना या प्रकरणाची आठवण वेगळी करून द्यावी लागणार नाही. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातील कारखान्यात 'प्रिया' तयार होत असे. तिची थोरली बहीण 'चेतक' १९७२ पासून बाजारात होती. बाजारात होती म्हणणे धाडसाचेच आहे, कारण नोंदणी करून अनेक वर्षे, कधी दहा वर्षेही, वाट पाहावी लागे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे, म्हणून आखातातल्या मेव्हण्याचे महत्त्व वाढे. चार महिने वापरलेली स्कूटर कोऱ्या स्कूटरपेक्षा महाग विकली जाई. या जादा रकमेला तेव्हा 'ऑन' म्हणत. लग्नाच्या बैठकीत याद्या करताना स्कूटरची अट आली की मुलीच्या बापाच्या कपाळावर जी आठी पडे, ती मुख्यतः या 'ऑन'ची असे.

हेही नावाचेच पैसे होते काय? वरवर पाहता होय. गाडी चांगली होती, कोणीही मिस्त्री ती रस्त्याच्या कडेला वाकडी करून चालू करीत असे. पण 'ऑन'ची रक्कम कारखान्याला मिळत नव्हती. ती ज्याचा नंबर आधी लागला त्याला मिळत होती. परवाना पद्धतीने उत्पादन बांधून ठेवले होते आणि मागणी मोकळी होती, त्या फटीतून ही रक्कम उगवली. १९८५ च्या सुमारास जपानी सहकार्याने बनलेल्या मोटारसायकली आल्या, कारखान्यांची क्षमता वाढली, आणि 'ऑन' हा शब्द पाहता पाहता गेला. पंपाच्या नावाची किंमत स्पर्धा आल्यावरही टिकली. स्कूटरची टिकली नाही. एक लौकिकाची होती, दुसरी रांगेची.

मुलाच्या हातातल्या फोनची जादा किंमत यांपैकी कोणत्या जातीची? रांगेची ती नाही. दुकानात फोन हवा तेव्हा मिळतो. दिखाव्याचा अंश तीत निश्चित आहे. थॉर्स्टीन व्हेब्लेनने १८९९ साली ज्या प्रदर्शनी उपभोगावर बोट ठेवले, तो सांगलीच्या कॉलेजच्या कट्ट्यावर आरशासमोर फोन धरून काढलेल्या छायाचित्रात दिसतो. त्या छायाचित्रात चेहरा कमी आणि चावलेले सफरचंद अधिक असते. पण दिखाव्यावर सारे घालून मोकळे होणे मुलावर अन्याय करणारे होईल. हा फोन कंपनीकडून येणाऱ्या सुधारणांवर बरीच वर्षे चालतो, तीन वर्षांनी विकायला काढला तर त्याचे बरे पैसे येतात, आणि आत काय आहे हे न कळणाऱ्याला त्या चिन्हाचा भरवसा वाटतो. बापाने मोटार घेताना केला तोच विचार मुलाने केलेला असतो. फक्त तो त्याला मांडता येत नाही.

फरक आहे तो पुढे. मोटारीचे कर्ज पाणी देते, पाणी ऊस देते, ऊस कर्ज फेडतो. फोनचा हप्ता पगारातून किंवा बापाच्या उसातून जातो. 'बिनव्याजी हप्ते' ही पाटी पाहून भुलणाऱ्यांसाठी सांगायला हवे, की शून्य व्याज असे काही नसते, ते आकारात किंवा न मिळालेल्या सवलतीत दडवलेले असते, असे रिझर्व्ह बँकेनेच २०१३ साली बँकांना बजावले होते. पुण्यात नोकरी करणाऱ्या, फोनवरच ज्याचे काम चालते अशा तरुणाची गोष्ट निराळी. घरी रिकाम्या बसलेल्याची निराळी.

याहून मोठा फरक दुरुस्तीचा. मोटार गावाने उघडली. फोन गावाला उघडू दिला जात नाही. २०१९ पासूनच्या आयफोनांत बाहेरचा पडदा बसविला की फोन स्वतःच मालकाला तशी सूचना दाखवितो. २०२४ मध्ये कंपनीने जुन्या अस्सल भागांपुरती थोडी ढील दिली. बॅटरी जुनी झाली की फोनचा वेग आपोआप कमी केला जातो, हे २०१७ च्या डिसेंबरात कंपनीने मान्य केले, आणि २०२० मध्ये अमेरिकेतील दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंत रक्कम देण्याची तडजोड केली. शेतकऱ्याने विम्याचा हप्ता भरला तेव्हा विमा गावातच उतरलेला होता. मुलाने भरला त्याची कचेरी परदेशात आहे. साताऱ्याच्या पेठेत छोट्या टेबलावर भिंग लावून बसलेल्या पोरांचे कसब वाइंडिंगवाल्यापेक्षा कमी नाही, पण त्यांना सुटे भाग आणि नकाशे द्यायचे की नाही हे ते दुकान चालवणारा ठरवीत नाही.

फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून अशा वस्तूंवर त्या किती सहज दुरुस्त होतात याचा गुणांक छापणे सक्तीचे झाले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, आणि मोबाइलसारख्या वस्तूंच्या दुरुस्ती-निर्देशांकाचा आराखडा २०२५ मध्ये सरकारला सादर झाला. पंपावर वीज-बचतीचे तारे असतात, आणि दुकानात गेलेला शेतकरी ते मोजून पाहतो. फोनच्या खोक्यावरही पडद्याची किंमत, बॅटरीची किंमत आणि सुधारणा किती वर्षे मिळणार तो आकडा छापलेला असेल, तर साडेतेवीस टन ऊस टाकायचा की नाही हे बापलेकांना दुकानाच्या पायरीवरच ठरवता येईल. तोवर मुलाने निदान एवढे करावे : फोन घेण्यापूर्वी त्या भिंगवाल्या पोराला विचारावे, याचा पडदा फुटला तर तू बदलून देशील का, आणि किती घेशील.