थांबली की बसते, निघाली की उठते

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. शॉकप, बुश, लोअर आर्म, टेम्पोचे पाटे हे आमचं रोजचं काम. पण अलीकडे कॉलेजची पोरं येतात ती वेगळंच मागतात. "काका, गाडी लो करायचीय. टायर आणि मडगार्डमध्ये बोट जाता कामा नये." उपायही तेच सांगतात, "स्प्रिंगचा दीड वेढा कापून टाका."

मी कापत नाही. हौस मला कळते. चाकांवर चपखल बसलेली गाडी देखणी दिसतेच, आणि प्रदर्शनात माणसं तिच्याभोवतीच थांबतात. पण तशी गाडी बसवायची कशी, हे अमेरिकेतल्या काही हौशी लोकांनी साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच शोधून ठेवलंय, आणि स्प्रिंग कापण्यापेक्षा ते कितीतरी शहाणपणाचं आहे.

ही मंडळी लॉस एंजेलिस आणि आसपासची, मेक्सिकन वंशाची. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी जुन्या शेवरोले घेतल्या आणि सजवल्या. इतरांना वेगाचं वेड होतं, यांना गाडी खाली आणि सावकाश हवी होती. व्हिटियर बुलेव्हार्ड या रस्त्यावरून आपली गाडी संथ मिरवत न्यायची, चार लोकांनी बघावी, एवढीच अपेक्षा. या गाड्यांना लोरायडर म्हणतात. सुरुवातीला तेही डिकीत वाळूची पोती टाकायचे, स्प्रिंगही कापायचे. मग 1958 मध्ये कॅलिफोर्नियात कायदा आला: गाडीचा कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. पोलिसांना पावती फाडायला कारण मिळालं.

रॉन अगिरे या तरुणाने त्यावर 1959 मध्ये तोड काढली. विमानाच्या पंखांवरच्या पट्ट्या आणि चाकं हलवणारी हायड्रॉलिक यंत्रणा तेव्हा जुन्या लष्करी मालात मिळायची. ती त्याने आपल्या कॉर्व्हेटला बसवली. पोलीस दिसला की गाडी वर, थांबली की खाली.

यातली कारागिरी मला फार आवडते. चाकाजवळ स्प्रिंगच्या जोडीला एक सिलिंडर बसतो. डिकीत बॅटऱ्यांची रांग आणि पंप असतो. डॅशबोर्डखालचं बटण दाबलं की पंप सिलिंडरमध्ये तेल ढकलतो आणि गाडी उचलली जाते. व्हॉल्व्ह उघडला की तेल टाकीत परततं आणि गाडी स्वतःच्याच वजनाने खाली बसते. म्हणजे दिखाव्याची उंची वेगळी आणि रस्त्यावरची वेगळी. पुढे याच पंपांवर गाड्या उड्या मारायला लागल्या, त्याच्या स्पर्धाही होतात. माझं मन मात्र त्या संथ चालणाऱ्या गाड्यांतच रमतं. त्यातली सगळ्यात नावाजलेली 'जिप्सी रोझ', 1964 ची शेवरोले इम्पाला. इम्पीरियल्स क्लबच्या जेसी व्हलादेझ यांची ही गाडी. गुलाबी रंगावर हाताने काढलेले गुलाबच गुलाब. 2017 मध्ये ती अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये काचेच्या पेटीत मांडली गेली. ज्या गाड्यांना पोलीस अडवत, त्यांचा हा मान.

आता कापलेल्या स्प्रिंगचं बघा. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, पण चाकाला वर यायला जागाच उरत नाही. खड्ड्यात शॉकप तळाला आपटतो, पुढे तो तेल सोडतो. गॅसकटरने कापली असेल तर तापलेल्या जागी पोलादाचा कस जातो. गाडी खाली आली की चाकांचा कोनही बिघडतो, वरची बाजू आत कलते. अशा एका गाडीचं टायर मी काढलं होतं. बाहेरून नक्षी नव्यासारखी, आणि आतल्या कडेला हात फिरवला तर तारा बोटाला लागल्या. हे टायर पुणे-बंगळूर हायवेवर शंभरच्या वेगाने पळत होतं. गाडीवाल्या मुलाच्या वडिलांना मी ते हातात दिलं तेव्हा ते काही वेळ बोललेच नाहीत.

कॅलिफोर्नियाने 1958 चा तो जुना निर्बंध 1 जानेवारी 2024 पासून काढून टाकला. आपल्याकडे मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. नोंदणीतल्या तपशिलाशी किंवा कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये सांगितलंय. म्हणून गाडी प्रदर्शनापुरतीच खाली करायची असेल, तर ती ट्रेलरवरून न्यावी आणि मूळ स्प्रिंगा जपून ठेवाव्यात. त्यासाठीही पैसे साठवून पूर्ण किट घ्यावं, स्प्रिंग आणि शॉकप एकमेकांना जुळणारे, आणि बसवल्यावर अलाइनमेंट करूनच घ्यावं.

आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी एवढं कराच. मेकॅनिककडून गाडी जॅकवर नीट उचलून घ्या, चाक मोकळं लोंबू द्या आणि त्याला स्प्रिंग हाताने हलवून बघायला सांगा. चांगली स्प्रिंग आपल्या बैठकीत घट्ट बसलेली असते. खुळखुळली, तर ती कुणीतरी कापलेली असू शकते. कारण कळल्याशिवाय त्या गाडीचा विसार देऊ नका.